फाईलीला पोच मिळते, बाळंतिणीला का मिळत नाही?

मी एका कार्यालयात गेली वीस वर्षे कारकून आहे. त्यातली सहा वर्षे माझ्याकडे आवक-जावक विभाग होता. दुसऱ्या कार्यालयाला साधे स्मरणपत्र पाठवायचे झाले तरी आम्ही त्यावर जावक क्रमांक टाकतो, तारीख टाकतो, स्थळप्रत ठेवतो, शिपायाच्या हाती टपालवही देतो आणि पलीकडच्याची सही, म्हणजे पोच, घेतो. कागद अतितातडीचा असला तर आधी फोन करून सांगतो की माणूस निघाला आहे. पोच आली नाही तर साहेब विचारतात, "कागद कुठे गेला?" आणि त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागते.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की याच पुणे शहरात एका बाळंतिणीला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्याबरोबर कागद नव्हता, दवाखान्याचा माणूस नव्हता आणि पलीकडे कोणाला खबर नव्हती.

ती रात्र

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. आमच्या वस्तीतली एक सून, वय तेवीस, पहिलेच बाळंतपण. घरच्यांनी हौसेने जवळच्या एका लहान खासगी दवाखान्यात नाव घातले होते. रात्री साडेनऊला मुलगा झाला. वस्तीत पेढे वाटण्याची बोलणीही सुरू झाली. दहाच्या सुमारास तिला अंगावरून जास्त जाऊ लागले. सासू सांगायला गेली तर "बाळंतपणात जातंच थोडं" असे उत्तर मिळाले. अकरा वाजून गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "इथं काही होणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या."

सासू धावत माझ्या दाराशी आली. "ताई, तुम्ही चला, तुम्हांला लिहिता-वाचता येतं." नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलेला. आम्ही दोघी आणि शेजारचा एक मुलगा, अशा तिघांनी तिला रिक्षात घातले. घडी घातलेली चादर तिच्याखाली होती, ती रस्त्यातच भिजली. पहिल्या मोठ्या दवाखान्यात गेलो तर रक्त शिल्लक नाही, पुढे न्या, असे दारातच सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी धावत येऊन भराभर प्रश्न विचारले. रक्तस्राव किती वाजता सुरू झाला? कोणते इंजेक्शन दिले? वार पूर्ण पडली का? रक्तगट कोणता? मी बी.कॉम. झालेली बाई, पर्समध्ये पेन घेऊन उभी होते, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्यांनी रक्तगट तपासण्यापासून सुरुवात केली. रक्त चढवले, ऑपरेशनला घेतले, गर्भाशय काढले. पहाटे चारला ती गेली. तिचा मुलगा आज शाळेत जातो.

दुसऱ्या दिवशी वस्तीत सगळे म्हणत होते, "मोठ्या दवाखान्यात नेलं आणि मारलं." मीही तेच म्हणत होते. आपण चुकीच्या दारावर बोट ठेवतो आहोत हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

हिशेब कुठे चुकतो?

पोटात मूल असताना किंवा बाळंतपणात जे जीवघेणे आजार होतात, त्यांत जीव जायला किती वेळ लागतो याचा हिशेब वैद्यकीय अभ्यासकांनी फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. उपचार मिळालेच नाहीत तर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात सरासरी दोन तास. बाळंतपणापूर्वीच्या रक्तस्रावात बारा तास. गर्भाशय फाटल्यास एक दिवस. झटके आल्यास दोन दिवस. मूल अडल्यास तीन दिवस. जंतुसंसर्ग झाल्यास सहा दिवस.

आता त्या रात्रीचा हिशेब करून पाहा. रक्तस्राव दहाला सुरू झाला आणि योग्य उपचार पाऊण वाजता सुरू झाले. पावणेतीन तास गेले. ती त्या दारात पोहोचली तेव्हाच तिची मुदत उलटून गेली होती. मोठ्या दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र मृत्यू त्यांच्या नावावर लागला.

हा एका बाईचा प्रकार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मातामृत्यूंचे जे अभ्यास झाले, त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तिथे दगावणाऱ्या मातांपैकी बहुसंख्य बाहेरून पाठवलेल्या असतात, आणि त्यांतल्या अनेक जणी आल्यापासून चोवीस तासांच्या आतच जातात. आपल्या पुण्यात शेवटचे दार म्हणजे ससून. १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय पुणे शहराचेच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या अत्यवस्थ बायांचेही ओझे वाहते. शेवटच्या दारात सर्वांत वाईट अवस्थेतले रुग्ण येणार, म्हणून तिथे मृत्यूही जास्त दिसणार. त्यावरून लोक घाबरतात, तिथे जाणे टाळतात, टाळल्यामुळे आणखी उशिरा पोहोचतात, आणि मृत्यू आणखी वाढतात. हे चक्र आपल्या वस्त्यांतून रोज फिरत असते.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली या उशिराचे तीन भाग पाडून दाखवले. पहिला उशीर घरात होतो, दवाखान्यात जायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात होतो, वाहन आणि अंतर यांमुळे. तिसरा दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर होतो, उपचार सुरू होण्यात. खेड्यात दुसरा उशीर मोठा असतो. पुण्यासारख्या शहरात, जिथे चौकाचौकांत दवाखान्याची पाटी आहे, तिथे तिसरा उशीर मारतो. एका दारात अर्धा तास, दुसऱ्या दारात अर्धा तास, आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने केसपेपर.

आपले राज्य या बाबतीत मागासलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००७–०९ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १०४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८–२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. त्या वेळी देशाचा आकडा ९७ होता आणि केरळचा १९. म्हणजे खूप माता वाचल्या. पण घरात होणारी बाळंतपणे दवाखान्यात आणून जेवढे वाचवता येतात तेवढे जीव आपण बहुतांशी वाचवले आहेत. यापुढचे जीव एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर वाचवायचे आहेत.

पाठवण्यापूर्वी काय व्हायला हवे?

मोठ्या दवाखान्यात पाठवणे हा गुन्हा नाही. लहान दवाखान्यात रक्तपेढी नसते, भूलतज्ज्ञ रात्री नसतो. तिथल्या डॉक्टरने वेळेवर पाठवले तर त्याने बाईवर उपकारच केले. प्रश्न आहे तो कशा अवस्थेत पाठवले याचा. पाठवण्यापूर्वी करायच्या गोष्टी फारशा महाग नाहीत आणि त्यांना मोठी यंत्रेही लागत नाहीत.

रक्तस्राव होत असेल तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, जाड सुईने सलाईन सुरू करणे. ट्रानेक्सामिक अॅसिड नावाचे एक स्वस्त इंजेक्शन आहे. ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. २०२३ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजले आणि मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. अशा ठिकाणी गंभीर रक्तस्राव व त्याचे दुष्परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. "जातंच थोडं" असे म्हणण्याऐवजी मोजले, एवढाच मुख्य फरक. आमच्या त्या सुनेचे रक्त कोणी मोजले नव्हते.

रक्तदाब वाढून झटके येत असतील, किंवा येण्याची चिन्हे असतील, तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध. हे जुने आणि अतिशय स्वस्त औषध आहे. ते दिल्याने झटके येण्याचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ सालीच सिद्ध झाले आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रशिक्षित नर्ससुद्धा दोन्ही कुल्ल्यांत याचा पहिला डोस देऊन मगच बाईला पुढे पाठवू शकते. झटके आलेल्या बाईला डाव्या कुशीवर झोपवून न्यायचे असते. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, आणि देवऋषी तर नाहीच नाही.

यानंतर आमच्या आवक-जावकाच्या गोष्टी येतात. चिठ्ठीवर आजाराचे नाव, रक्तदाब, रक्तगट, दिलेले औषध आणि दिल्याची वेळ लिहायची. पलीकडे फोन करून खाट, रक्त आणि डॉक्टर तयार आहेत ना हे विचारायचे, आणि बरोबर एक जाणकार माणूस द्यायचा. दवाखाना लहान असला तरी या गोष्टी त्याला करता येतात. त्या केल्या नाहीत तर बाई दवाखान्याबाहेर जाते, पण कोणाच्या हाती सोपवली जात नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे

आपल्या समाजाला न्यायालयांचे निर्णय माहीत असले पाहिजेत, कारण दारात उभे राहिल्यावर त्यांचाच आधार असतो. पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडून जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने असेही सुचवले की कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळेल अशी मध्यवर्ती व्यवस्था असावी, म्हणजे रुग्णाला थेट तिथेच पाठवता येईल. एवढ्या वर्षांनंतरही रिक्षावाल्याला विचारत एका दारातून दुसऱ्या दारात जावे लागते, ही खेदाची बाब आहे. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लक्ष्मी मंडल खटल्यात सुरक्षित मातृत्व हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. तिथेही एका गरीब बाईची दवाखान्यांतली परवडच न्यायालयापुढे आली होती.

खासगी धर्मादाय रुग्णालयांविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तयार झालेली योजना आहे. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याच योजनेत एक कलम फार महत्त्वाचे आहे. तातडीचा रुग्ण आला तर त्याला लगेच दाखल करून घ्यायचे, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, गरज पडल्यास सार्वजनिक रुग्णालयात नेण्याची सोय करायची आणि दाखल करताना अनामत रक्कम मागायची नाही.

कागदावर असलेले हे कलम प्रत्यक्षात कसे उतरते, याची चर्चा २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात घरोघरी झाली. जुळी मुले पोटात असलेली, सातवा महिना चालू असलेली एक भगिनी २८ मार्चला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात गेली. दहा लाख रुपये आगाऊ मागितले गेले असा आरोप घरच्यांनी केला. रुग्णालयाने आपल्यावरचे आरोप सुरुवातीला फेटाळले. तिला दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले, तिथे जुळ्या मुली झाल्या. प्रकृती बिघडल्याने तिथून तिसऱ्या रुग्णालयात नेले आणि ३१ मार्चला ती मरण पावली. सरकारने चौकशी समित्या नेमल्या, शहरात आंदोलने झाली. त्यानंतर त्या रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून, तातडीने बाळंतपणासाठी येणाऱ्या स्त्रियांकडूनसुद्धा, अनामत घेणार नाही असे जाहीर केले. दोष कोणाचा हे ठरवणे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम आहे. मला त्यातून एवढेच दिसले, की ओळखपाळख असलेल्या कुटुंबावरही ही वेळ येऊ शकते. मग नाल्याकाठच्या वस्तीतून रिक्षाने आलेल्या आपल्या लेकीसुनांचे काय होत असेल?

मोफत काय मिळते?

२०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त हे सगळे मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवणही मिळते. घरापासून दवाखान्यात नेणे, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणे आणि बाळंतिणीला घरी सोडणे, हे तिन्ही प्रवास त्यात मोफत आहेत. त्यासाठी १०२ ही गाडी आहे. जीवावरचे संकट असेल तर २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे, आणि तिच्यात डॉक्टर असतो. त्या रात्री १०८ ला फोन करायचे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचले नाही. रिक्षा समोर दिसली आणि आम्ही तिला रिक्षात घातले. ही चूक आमची होती, आणि ती मी कबूल करते.

शहरात महापालिकेचे मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय, भवानी पेठेतले सोनवणे प्रसूतिगृह, येरवड्याचे राजीव गांधी रुग्णालय आहे. पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे. आपल्याला जवळ पडणाऱ्या ठिकाणी रात्री सिझेरियन होते का आणि रक्त मिळते का, हे सातव्या महिन्यातच जाऊन विचारून यावे. नाही असे उत्तर मिळाले तर अडचणीच्या वेळी तिथून कुठे पाठवतात हेही विचारावे.

काही जणींचे नाव तर सुरुवातीपासून मोठ्या रुग्णालयातच घातले पाहिजे. ज्यांचा रक्तदाब वाढतो, ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे, ज्यांचे आधी सिझर झाले आहे, ज्यांना जुळे आहे, त्यांनी घराजवळची सोय बघू नये. विदर्भातून कामधंद्यासाठी पुण्यात आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. अशा भगिनींनी तो लपवू नये. लग्न जमताना लपवला आणि बाळंतपणातही लपवला, तर डॉक्टर अंधारात राहतात आणि किंमत मुलीला मोजावी लागते.

दुसरी एक रात्र

आता दुसरी हकीकत सांगते. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीला आठव्या महिन्यात चेहऱ्यावर सूज आली आणि डोके ठणकू लागले. मला फोन आला, "आत्या, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय." मी म्हटले, "झोपू नकोस, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, मी तिकडंच येते." ती घराजवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेली. रक्तदाब १७० वर १२० होता. तिथल्या सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून दोन्हीकडे इंजेक्शने दिली, चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि वेळ लिहिली, मोठ्या रुग्णालयात फोन करून बाई निघाली आहे असे कळवले आणि १०८ मध्ये स्वतः तिच्याजवळ बसली.

मी मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभी होते. गाडी आली तेव्हा स्ट्रेचर आधीच बाहेर होते. चिठ्ठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि आतल्या डॉक्टरांनी एकही प्रश्न पुन्हा विचारला नाही. सिस्टर आत जाऊन सांगून आल्या, मगच परत गेल्या. त्या रात्री सिझर झाले. मुलगी पावणेदोन किलोची झाली, पंधरा-वीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. आज दोघी घरी आहेत. मी घरी जाताना रिक्षात रडले, ते आनंदाने नव्हे. तेवीस वर्षांची ती सून आठवत होती. एक चिठ्ठी, एक फोन आणि एक माणूस एवढेच तिला मिळाले नव्हते.

आपण काय करायचे?

डॉ. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे घटनेच्या कलम ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद आली. बाळंतपण ही घरातल्या बायकांची खासगी बाब आहे असे बाबासाहेबांनी मानले नाही. आपणही मानू नये.

म्हणून प्रत्येक विहारातल्या महिला मंडळाने एक साधी वही घालावी अशी माझी विनंती आहे. वस्तीत कोण गरोदर आहे, तिचा महिना कोणता, रक्तगट कोणता, तिच्यासोबत रात्री कोण जाईल, हे त्यात लिहावे. आशाताईंना बैठकीला बोलवावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपली मुले रक्तदान करतात, त्याच मुलांची रक्तगटासह यादी विहाराच्या फळ्यावर लावावी. १०८ आणि १०२ हे आकडे लहान मुलांनाही पाठ असावेत.

धोक्याची चिन्हे सासवांना आणि नवऱ्यांना माहीत हवीत, कारण पहिला उशीर घरातच होतो. डोके खूप दुखणे, नजर अंधुक होणे, तोंडावर सूज, झटके, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, अंगावर रक्त जाणे, कळा नसताना पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, बारा तासांहून अधिक कळा येऊनही सुटका न होणे. बाळंतपणानंतर तासाभरात पूर्ण घडी भिजली तर वाट पाहू नये. आणि धोका दवाखान्यातून घरी आल्यावर संपत नाही, सहा आठवडे लक्ष ठेवावे.

कोणी "मोठ्या दवाखान्यात न्या" असे सांगितले तर दारातून हलण्यापूर्वी पाच गोष्टी नम्रपणे पण ठामपणे विचाराव्यात. काय झाले आहे? कोणते औषध दिले आणि किती वाजता? रक्तगट काय? पलीकडे फोन झाला का, कोणाशी? बरोबर कोण येणार? गाडी येईपर्यंत उत्तरे लिहून घ्यावीत. गाडी आली की वाद घालत थांबू नये. चिठ्ठी मिळाली नाही तरी निघावे आणि वेळ आपणच कागदावर लिहावी.

आणि दुर्दैवाने वस्तीत अशी एखादी भगिनी गेलीच, तर नशीब म्हणून गप्प बसू नये. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत झालेल्या प्रत्येक मातामृत्यूचे परीक्षण करण्याची पद्धत सरकारने घालून दिली आहे. आरोग्य खात्याचे लोक घरी येऊन घरच्यांकडून हकीकत लिहून घेतात. तेव्हा कोण कोणत्या दारात किती वेळ थांबले हे घड्याळासकट सांगावे. आमच्या वस्तीत त्या वेळी कोणी आले होते की नाही मला माहीत नाही. आले असतील तर कोणी नीट सांगितले नसेल. कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही, म्हणजे पुढच्या बाईसाठी काहीच शिकणे झाले नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. तो मुलगा वाचला, आणि त्यांना मात्र लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी त्या मुलाला कुठे जा म्हणून नुसते सांगितले नाही, तर दवाखान्यात नेऊन सोपवले. याच पुण्यात हे घडले आहे.

आमच्या वस्तीतल्या वहीत आज सात नावे आहेत. प्रत्येकीपुढे तारीख, रक्तगट आणि सोबत जाणाऱ्याचे नाव आहे. शेवटचा एक रकाना मी मुद्दाम आखला आहे. त्याचे नाव 'पोच' असे आहे. बाई आणि बाळ दोघेही घरी परतली, की मगच तिथे सही होते.